पल्ला ते ओखला : बाबांबरोबर काठाकाठानं

"सुमे, इथे पाणी कुठल्या बाजूला आहे?"

आठ महिने नोएडाच्या आमच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर बाबांनी एका रविवारी चहा पिताना हा प्रश्न विचारला. मला वाटलं, नळाबद्दल विचारतायत.

"साडेपाचला येतं. टाकी भरून ठेवलीय मी."

"नळाचं नव्हे गो. नदीचं. एवढी मोठी दिल्ली, नदीवर आहे म्हणतात. आठ महिन्यांत मला नदी दिसली नाही."

मलाही सात वर्षांत दिसली नव्हती. रोज ऑफिसला जाताना मी पुलावरून यमुना ओलांडत होते. पण पुलाला दोन्ही बाजूंनी जाळी आहे आणि चार्टर्ड बसमध्ये मी बहुतेक वेळा झोपलेली असते.

बाबांचा प्रश्न नीट कळायला त्यांची नोकरी माहीत असायला हवी. ते कस्टममध्ये शिपाई होते. हर्णैपासून दाभोळपर्यंत किनाऱ्यावरून पायी गस्त घालायची हे त्यांचं काम. मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे... कुठे वाळूची पुळण, कुठे तांबडे गोटे, कुठे कड्यावरची पाऊलवाट, कुठे खाडी आणि पलीकडे नेणारी तर, म्हणजे होडी. निवृत्त झाल्यावरही ते सकाळ-संध्याकाळ कर्द्याच्या पुळणीवर चालायचे. आई गेली, त्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि मी एकुलती एक मुलगी त्यांना इथे घेऊन आले. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती. निजामुद्दीनपर्यंत थेट गाडी, किती सोपं, असं सगळे म्हणाले.

सोपं काही नव्हतं. आमच्या सेक्टरमधल्या इमारती एकाच साच्यातून काढलेल्या. पहिल्याच महिन्यात बाबा एकटे खाली उतरले आणि परत येताना भलत्याच सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन घंटी वाजवली. तिथल्या सरदारीणबाईंनी त्यांना चहा पाजला आणि हाताला धरून आमच्या दारात आणून सोडलं. त्यानंतर बाबा बाल्कनीत बसू लागले. दिवाळीत म्हणाले, "मला परत पोचव." मी म्हणाले, "या डोळ्यांनी एकटे राहणार? बिल्कुल नाही." विषय तिथेच संपला, म्हणजे मी संपवला.

म्हणून नदीचं निघालं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. फेब्रुवारीत ऑफिसातून चार दिवसांची रजा काढली. ठरलं असं की यमुना दिल्लीत शिरते तिथून काठाकाठानं चालायचं, संध्याकाळी घरी यायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. जिथे काठच नसेल तिथे बस किंवा ऑटो. माझी दहा वर्षांची मुलगी मुक्ता म्हणाली, "आजोबा, नदीवर लोक फिल्ममध्ये जातात ना?" माझा नवरा अविनाश एवढंच म्हणाला, "पाण्याची बाटली दोन ठेव."

पल्ला

नदी जिथे दिल्लीत येते त्या गावाचं नाव पल्ला. बाबांना हे फार आवडलं. "पल्ल्यापासूनच पल्ला गाठायचा म्हणजे," असं म्हणत ते ऑटोतून उतरले.

मी दिल्ली म्हणून जी ओळखते तिच्याशी या जागेचा काही संबंध नाही. डोळे दिपतील इतकी मोहरी फुललेली, तिच्यामागे हिरवा गहू, आणि मग एकदम नदी: रुंद, उथळ, निळसर, तळची वाळू दिसेल इतकी स्वच्छ. मी थक्क झाले. बाबा खाली वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकलं.

"गोडं आहे," ते म्हणाले, जणू तक्रार नोंदवत होते.

वाळूवर लांबच लांब चर खणले होते आणि प्रत्येक चराच्या वायव्येकडे गवताच्या काड्यांचा बुटका कूड उभा केला होता. त्या आडोशाला बोटभर उंचीची रोपं. एक बाई उकिडवी बसून त्यांना खत घालत होती. तिचं नाव शकुंतला. ती आणि तिचा नवरा दर हिवाळ्यात बदायूंहून येतात, नदी मागे सरली की उघड्या पडलेल्या वाळूत काकडी, खरबूज, टरबूज लावतात आणि पावसाआधी झोपडी मोडून परत जातात. असल्या वाळूतल्या शेतीला तिकडे पालेज म्हणतात.

आमच्याकडे ओहोटीला पुळण उघडी पडते, पण तिच्यात कुणी काही पेरत नाही. सहा तासांत समुद्र परत येतो. बाबा हा फरक समजून घ्यायला तिथेच वाळूत बसले. त्यांची हिंदी कस्टमच्या नोकरीतली, निम्मी हुकमाची.

"पानी वापस कब आता है?"

"सावन-भादों में, बाबूजी."

"बीच में नहीं आता?"

"बीच में काहे आएगा?"

बाबा माझ्याकडे वळले. "ऐकलंस? वर्षाला एकच भरती! आणि हे लोक त्या एका ओहोटीवर जगतात." दिवसभर ते हेच घोळवत होते.

शकुंतलानं आम्हाला मुळे उपटून दिले, नदीत धुऊन, मीठ लावून. बाजरीच्या भाकरीसारखीच, पण जाड रोटी, आणि बथुव्याची भाजी. बथुवा म्हणजे आपल्या चाकवताची बहीण. मी म्हटलं, "आमच्याकडे यात ताक आणि डाळ घालतात." तिनं विचारलं, "और लहसुन?" मी म्हटलं, "तोही." "फिर ठीक है," ती म्हणाली. तेवढ्यावर आमचा प्रांत तिनं मान्य केला.

त्या दिवशी हिरंकीपर्यंत चाललो. बाबा पुढे, मी मागे. वाळूत कसं चालायचं हे माझे पाय विसरले होते. मला धाप लागत होती आणि सत्तरीचे बाबा एका लयीत चालले होते. आठ महिन्यांत त्यांना असं चालताना मी पाहिलं नव्हतं. थेंबांनी डोळे सुधारतायत वाटतं, असा विचार माझ्या मनात आला. खरं तर तो विचार करायला मला जागाच नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं: गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकली तर टिकेल. बाबांना मी सांगितलं होतं, थेंब घातले की बरं वाटेल.

जगतपूर

दुसऱ्या दिवशी जगतपूरच्या बाजूनं नदीवर उतरलो. इथे वस्ती जवळ आलेली. काठावर उलट्या घातलेल्या होड्या आणि डांबराचा वास. त्या वासानं बाबांचा चेहराच बदलला. होडीच्या फटींत कापूस कोंबून वर डांबर लावणारा एक म्हातारा होता, हरपाल. तो मल्लाह, म्हणजे नावाडी, आणि कुणी बुडालं की सूर मारून काढणाराही तोच. बाबांनी होडीला हात लावून बघितला, बुडावर बोटांनी टकटक केली आणि विचारलं, "साल?"

"साल," हरपाल म्हणाला आणि कामावरून मान वर काढली. सालाचं लाकूड हातानं ओळखणारा माणूस त्या काठाला रोज येत नसावा.

दोघांची गट्टी जमली. भाषा कमी पडली की हातांनी. मी होडीच्या सावलीत बसून संत्री सोलत होते. बाबा म्हणाले, "जरा पाण्यापर्यंत जाऊन येतो," आणि निघाले. समोर पिवळट वाळू, मग एक करडा चकचकीत पट्टा, मग पाणी. मला तो पट्टा स्पष्ट वेगळा दिसत होता. बाबा सरळ त्यात गेले.

दोन पावलांत गुडघ्यापर्यंत, तिसऱ्याला मांडीपर्यंत. मी ओरडत धावले. हरपाल माझ्याआधी पोचला. मला त्यानं हात आडवा करून थांबवलं आणि होडीचा लांब बांबू चिखलावर आडवा टाकला.

"बाबूजी, पकड़ के लेट जाओ. लेट जाओ! पैर मत मारो."

बाबा बांबूवर आडवे झाले. त्यांनी ज्या शांतपणे ते केलं ते पाहून मला जास्त भीती वाटली. हरपालनं आणि मी ओढून त्यांना बाहेर काढलं. एक चप्पल आत राहिली. बाबा छातीपर्यंत काळे झालेले, आणि त्यांच्या चिखलाला गटाराचा नाही, खाडीचा वास येत होता, हे मला का लक्षात राहिलं कोण जाणे.

हरपालनं हंड्यानं पाणी ओतून त्यांचे पाय धुतले. धुता धुता, वर न बघता, त्यानं विचारलं, "बाबूजी, नजर कितनी बची है?"

मी तोंड उघडणार होते. त्याआधी बाबाच बोलले.

"बीच में दिखता है. जैसे नली में से देखो, वैसा. बाजू का सब गया. नीचे का भी."

"कब से?"

"दिवाली से ज्यादा हुआ."

"बेटी को मालूम है?"

"उसको फिकर लगेगी," बाबा म्हणाले. मी चार हातांवर उभी होते.

घरी जाताना आम्ही ऑटो केली. बसल्या बसल्या मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगितलंस का? डॉक्टर तुला बाजूला घेऊन गेला तेव्हा मी काही झोपलो नव्हतो."



जमना बाजार

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रजा रद्द करायचं ठरवून बाहेर आले, तर बाबा अविनाशचे बूट घालून दाराशी उभे. मोज्यांवर मोजे घातले होते, बूट मोठे होत होते म्हणून.

"बाबा, पुरे आता."

"अर्धी नदी राहिली आहे."

"काल काय झालं असतं?"

"काल मी चूक केली. नवी जागा, मी पायाला विचारायचं सोडून डोळ्याला विचारलं. आज ती करणार नाही. तू बरोबर चल आणि बघ."

'बघ' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी गेले.

वजिराबादच्या बांधाखाली शहराचा मोठा नाला नदीत येतो आणि तिथून यमुना काळी होते. परवा जिच्यात मुळा धुऊन खाल्ला तीच नदी, हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण तरी जुन्या घाटांवर सकाळी गर्दी होती: मालिश करून घेणारे पहिलवान, तुळशीला पाणी घालणारे पुजारी, पूजेला बसलेली माणसं. आणि पाण्यावर हजारो पांढरे पक्षी.

बाबा थबकले. पक्षी त्यांना त्या नळीतून किती दिसले असतील माहीत नाही. त्यांनी कान लावला होता.

"कुरव," ते म्हणाले. "सुमे, हे कुरव आहेत! इथे?"

खरंच कुरव होते. हर्णैच्या बंदरात मासळीच्या होड्यांवर ओरडत घिरट्या घालणारे तेच. एक होडीवाला मुठीनं शेव उडवत होता आणि "आओ, आओ, आओ" अशी आरोळी देत होता. पक्षी हवेतच शेव झेलत. थंडीत येतात, सायबेरियातून, होळीला जातात, असं त्यानं सांगितलं. बाबांनी त्याला सांगितलं की आमच्याकडे हे मासे खातात. "यहाँ नमकीन खाते हैं," तो म्हणाला, "दिल्ली आ के सब सीख जाते हैं."

बाबा हसले, खूप दिवसांनी. घाटाच्या वरच्या गल्लीत आम्ही बेडमी पुरी खाल्ली: डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी, हिंग घातलेली पातळ बटाट्याची भाजी, कडेला मेथीची आंबटगोड चटणी. बाबांनी दोनदा भाजी मागून घेतली.

पलीकडच्या काठाला जायला हिवाळ्यात पीप्यांचा पूल घालतात. मोठमोठी लोखंडी पिंपं पाण्यावर तरंगत ठेवून वर फळ्या. सायकली, हातगाड्या, बायका, शेळ्या, सगळे त्यावरून. पाऊल टाकलं की पूल खाली जातो, मागून सायकल आली की वर उचलतो. मधोमध पोचल्यावर मला भोवळ आल्यासारखं झालं. दोन फळ्यांच्या मधून काळं पाणी दिसत होतं. मी उभीच राहिले.

"खाली बघू नकोस," बाबा म्हणाले. "डोळे मीट."

"वेड लागलंय का?"

"मीट तर. आता माझा खांदा धर. पूल खाली गेला की तू पण गुडघ्यात जा. ताठ राहू नकोस. तरीत बसायचीस तेव्हा कुठे भ्यायचीस?"

मी डोळे मिटले. बाबा चालू लागले, पूल खालीवर होत होता, आणि त्यांचे मोठे बूट फळ्यांवर ठोके देत होते. ते सांगत होते: आता सायकल येते आहे, उजवीकडे सर. आता शेळी. आता वारा वाळूवरून येतोय, काठ आला. आणि खरंच काठ आला. डोळे उघडले तेव्हा मला जाणवलं की त्यांनीही पूर्ण वेळ डोळे मिटलेले असावेत. मी विचारलं नाही.

चिल्ला ते ओखला

चौथ्या दिवशी पूर्वेच्या काठानं, म्हणजे आमच्याच काठानं निघालो. चिल्ला गावाच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या सखल रानात, पालक आणि कोबीची शेतं, आणि त्या शेतांच्या वर आकाशात नव्या पुलाचे खांब. दिल्ली आणि नोएडा जोडणारा मोठा पूल होणार होता. खांबांवर पिवळ्या टोप्या घातलेली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. खाली एक म्हातारा शेतकरी पालकाच्या जुड्या बांधत होता. बाबांनी पुलाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "बन जाएगा तो हमारे ऊपर से गाड़ियाँ जाएँगी. नीचे कोई देखेगा नहीं." तो तक्रार करत नव्हता. माहिती देत होता.

मला ओशाळल्यासारखं झालं. मी सात वर्षं वरूनच जाणारी होते.

बांधावरून पाहिलं तर आमचा सेक्टर दिसत होता. पाण्याच्या टाक्या, टीव्हीच्या तबकड्या, वाळत घातलेल्या चादरी. "आपलं घर कुठलं?" बाबांनी विचारलं. मी बराच वेळ शोधलं. मला सापडलं नाही.

दुपार उतरताना ओखल्याच्या बांधाजवळ पोचलो. लांबूनच धबधब्यासारखा आवाज येत होता. बाबांची पावलं भराभर पडू लागली. दरवाजांतून पाणी कोसळत होतं आणि त्याच्या पुढे नदीभर पांढरं शुभ्र.

"लाटा फुटतायत?" त्यांनी विचारलं.

 हो म्हणणं सोपं होतं. या आठ महिन्यांत मी अशी कितीतरी सोपी उत्तरं दिली होती.

"नाही बाबा. फेस आहे. साबणाचा, कारखान्यांचा. घाण आहे ती."

त्यांनी मान डोलावली. "वासानं वाटलंच. पण आवाज बरोबर आहे."

आम्ही दगडी कठड्यावर बसलो. भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. बाबा त्या आवाजाकडे तोंड करून बोलू लागले, सावकाश, पाठ केल्यासारखं.

"कर्द्याच्या घरातून निघालं की अठ्ठावीस पावलांवर कुंपणाची बेडी, ती ढकलून बाहेर. मग सुरूचं बन, पायाखाली काड्या वाजतात. मग पुळण. जाताना समुद्र उजव्या कानाला, येताना डाव्या. तिथे नजर पूर्ण गेली तरी मी हरवणार नाही. इथे तुझ्या सोसायटीत डोळे शाबूत असताना हरवलो."

"आणि पडलात तर? आजारी पडलात तर? स्वयंपाक?"

"शैला डाव्या हाताला राहते. माझी भावजय आहे, परकी नव्हे. जेवण ती देते म्हणाली आहे. तिचं पत्र आलंय. तूच वाचून दाखवलंस, तेवढं वाक्य गाळून."

मी गाळलं होतं. त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. पत्र त्यांनी मुक्ताकडूनही वाचून घेतलं असणार, तिच्या अडखळत्या मराठीत.

"मला वाटलं तुम्हाला सांभाळणं म्हणजे जवळ ठेवणं," मी म्हणाले.

"सांभाळलंस की. पण मी दिवसभर खुर्चीत बसून असतो गो. मला चालायचं आहे. जोवर पाय आहेत तोवर."

पाणी कोसळत होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो चिखल येत होता आणि तो पूलही येत होता. दोन्ही खरे होते. चिखल नव्या जागी होता. पुलावर बाबांनी मला पार नेलं होतं. मी एक शेंग सोलली, मग दुसरी. त्यांनी घाई केली नाही.

"ठीक आहे," मी शेवटी म्हणाले. "उद्या ऑफिसातून निजामुद्दीनला जाऊन तिकिटं काढते. दोन."

"एकच काढ."

"बाबा, एवढ्या लांबच्या गाडीत एकटे? अजिबात नाही. मी पोचवायला येणार."

"बरं, ये," ते म्हणाले. मग थोडं थांबून, शेंगांची टरफलं हातात चुरत, "पण पोचवून पाठ फिरवू नकोस. दोन दिवस राहा. मी पुढे चालेन, तू मागून ये. तुझी तूच खात्री करून घे."